पांढऱ्या दिव्यांची गाडी

“मामा, रस्ता बघा. दुधानं धुतल्यासारखा दिसतोय का नाही?”

मी दिव्यांचा अप्पर लावला आणि कडेच्या बाभळी शेंड्यापर्यंत पांढऱ्याफटक झाल्या. शेजारी बसलेल्या दिनकरमामांनी मान डोलावली. मला धन्य वाटलं. आठवड्यापूर्वीच मी गाडीला ते झेनॉनचे बल्ब बसवून घेतले होते. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, एका दाराचा रंग बाकीच्या गाडीशी न जुळणारा. पण दिवे असे की विट्याच्या चौकात वळलो की पानपट्टीवाला डोळ्यांवर हात आडवा धरायचा. तो मला सलाम करतोय असंच मी तेव्हा समजत होतो.

“नाकापेक्षा मोती जड,” मागच्या सीटवरून आई म्हणाली.

आम्ही मुलगी बघायला निघालो होतो. बोरजाईवाडीचे माने. मुलगी शिकलेली, वडिलांचं दुकान, एवढं मामांनी सांगितलं होतं. दुकान कसलं हे मी विचारलं नव्हतं, कारण मी फोटो बघण्यात गुंतलो होतो. त्याआधी सहा ठिकाणी पोहे खाऊन झाले होते. कुठं आम्ही नाही म्हणालो, कुठं त्यांनी. पण या फोटोनं मात्र माझी झोप उडवली होती. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मी देवाला आणि मामांना सारखंच विनवलं होतं. पाचला पोचायचं ठरलं होतं. मी गाडी दोनदा धुतली, म्हणून पावणेसात वाजले आणि थंडीच्या दिवसांत अंधार पडला.

बोरजाईवाडी मैलभरावर राहिली असेल. समोरून एक स्कूटर आली. तिचा दिवा मिणमिणता. माझा अप्पर चालूच होता. स्कूटरवाल्यानं एक हात डोळ्यांपुढं धरला, हँडल डगमगलं, आणि तो त्याच्या डाव्या अंगाला रस्ता सोडून सरळ उसाच्या पाटात गेला. धप्प असा आवाज झाला.

“अरे थांब! माणूस पडला!” आई ओरडली.

मी ब्रेक दाबला. आरशात बघितलं. माणूस उठला होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून धोतर झटकत होता.

“उठलाय की,” मामा म्हणाले. “पान्यात पडलाय, लागायचं काय त्यात? चल, आधीच उशीर झालाय. पावनं वाट बघत असतील.”

मी आणखी एकदा आरशात बघितलं. आणि ब्रेकवरचा पाय काढला. आज बारा वर्षं झाली त्याला, पण तो पाय काढलेला मला अजून आठवतो.

मान्यांचं घर शोधावं लागलं नाही. गावाच्या तोंडाशीच ‘माने ऑटो इलेक्ट्रिक’ अशी पाटी, आणि दुकानाच्या मागं घर. अंगणात एक जुनी जीप उभी होती. मी गाडी दिमाखात जीपशेजारी लावली. मुलीची आई, माने काकू, लगबगीनं बाहेर आल्या.

“या, या. हे तुम्हाला बघायलाच फाट्याकडं गेलेत स्कूटर घेऊन. म्हणाले, पाहुणे चुकले की काय कुणास ठाऊक. वाटेत भेटले नाहीत?”

मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं बघितलं.

“न्हाय बा,” मामा म्हणाले. “कोनच भेटलं न्हाई.”

आम्ही बैठकीत जाऊन बसलो. पाणी आलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत मी मनातल्या मनात म्हणत होतो, दुसराच कुणीतरी असेल, गावात काय एकच स्कूटर असते? दहा मिनिटांनी दारात खडखड झाली आणि तात्या माने आत आले. धोतर कमरेपर्यंत चिखलानं माखलेलं, कोपर सोललेलं, हातात भिजून लगदा झालेला पुठ्ठ्याचा खोका.

“रामराम, रामराम! माफ करा बरं का पावनं, जरा आंगोळ करून आलो,” तात्या हसत म्हणाले. “अहो, एक ट्रक आला समोरनं. काय त्याचं दिवं! डोळ्याम्होरं नुस्तं पांढरंधोप. रस्ता कुठला आन पाट कुठला, कायच दिसंना. गेलो सरळ खाली. गावातनं पेढं आनलं हुतं तुमच्यासाठी, ते पाटाला अर्पन झालं.”

“अगंबाई, लागलं का?” काकूंनी विचारलं.

“गुडघा जरा. पर त्या ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून आलोय.”

सगळे हसले. हसता हसता मामांनी माझ्या पायावर पाय दिला. मला कळलं. तात्यांना आम्ही दिसलोच नव्हतो. आमच्या दिव्यांनी त्यांना एवढं आंधळं केलं होतं की दिव्यांमागं ट्रक आहे की हत्ती, हेही त्यांना कळलं नव्हतं. आम्ही बोललो नाही, तर हे कुणालाही कधीच समजणार नव्हतं. तात्या धोतर बदलायला आत गेले, तेव्हा मामा माझ्या कानाशी पुटपुटले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नानंतर सांग हवं तर.”

मग शैलजा पोहे घेऊन आली. फोटोत होती त्याहून सावळी, आणि फोटोत नव्हता असा तिच्या नजरेत एक मिश्कीलपणा होता. तिच्या नखांच्या कडांना काळं ग्रीस होतं, घासूनही न गेलेलं. का कोण जाणे, पण ते बघून मला ती आणखीनच आवडली, आणि जेवढी आवडली तेवढा त्या पाटाचा गारवा माझ्या अंगात चढायला लागला.

मामांनी ठरलेले प्रश्न विचारले. नाव काय, शिक्षण काय, भाकरी येते का.

“आयटीआय केलंय. तात्यांना आता वाकून काम होत नाही, म्हणून गाड्यांचं वायरिंग मीच बघते,” ती म्हणाली. “भाकरी येते.”

“ब्येस. आता तुला काय विचारायचं असंल तर तूबी इचार. लाजू नगंस.”

मामांनी हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं. मुली अशा वेळी मान हलवून आत जात. शैलजा माझ्याकडं वळली.

“बाहेरची गाडी तुमची?”

“हो.”

“मघाशी स्वयंपाकघरातली भिंत एकदम पांढरी झाली. मला वाटलं वीजच चमकली. बल्ब कसले आहेत?”

मन खात होतं, तरी बढाई बाहेर आलीच. सवय वाईट. “झेनॉन आहेत. साध्या बल्बच्या तिप्पट उजेड.”

“तिप्पट पडतो, पण कुठं?”

“कुठं म्हणजे? समोर.”

“आमच्या जीपला साधेच बल्ब आहेत,” ती म्हणाली. “पण मला वाटतं, जीपमधून जास्त लांबचं दिसत असेल.”

मामा खो खो हसले. “पोरी, ती जीप तुझ्या तात्याच्या लग्नातली दिसतीया!”

“मंग हून जाऊ दे की!” दारातून आवाज आला. तात्या कोरडं धोतर नेसून लंगडत बाहेर आले होते आणि गुडघ्याचं दुखणं पार विसरले होते. “दोनी गाड्या लावा हितं. बघूच.”

असं मुलगी बघण्याचं काम अर्ध्यावर सोडून आम्ही सगळे अंगणात आलो.

आधी दुकानाच्या चुन्याच्या भिंतीवर. शैलजानं दोन्ही गाड्या भिंतीपासून सारख्या अंतरावर उभ्या केल्या आणि दिवे लावले. जीपचा उजेड पिवळट, वरची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ. माझा उजेड भिंतीवर, भिंतीच्या वर, शेजारच्या पेरूच्या झाडावर, झाडातल्या चिमण्यांवर. चिमण्या पहाट झाली समजून ओरडायला लागल्या.

“झालं!” मामांनी टाळी वाजवली. “निकाल लागला.”

“भिंतीवर गाडी घालायची असेल तर हे दिवे चांगले,” शैलजा म्हणाली. “आता रस्त्यावर बघू.”

दोन्ही गाड्या रस्त्यावर शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. पुढं सरळ सडक, एका बाजूला ओळीनं बाभळी. कुणीतरी चालत जायचं आणि कोणत्या उजेडात ते किती झाडांपर्यंत दिसतं ते मोजायचं, असं ठरलं. मामा उत्साहानं निघाले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. दोन्ही दिव्यांत ते शेवटच्या झाडापर्यंत ठळक दिसले, आणि तिथून त्यांनी आम्हाला हात केला.

“बरोबरी!” मी म्हणालो.

“मामा एवढे पांढरे आहेत की चांदण्यातही दिसतील,” ती म्हणाली. “रस्त्यावर खरं कोण असतं? शेतावरनं येणारी माणसं. तात्या, घोंगडं कुठाय?”

मामांना घोंगडं पांघरायला लावलं. त्यांनी कुरकुर केली, मुलाकडच्या माणसाला घोंगडं पांघरून रस्त्यावर चालवायची ही कुठली रीत, म्हणाले, पण गेले. आधी माझे दिवे लावले. एक झाड, दोन, तीन, चार. पाचव्याला मामा धूसर झाले. सहाव्याला मामा नव्हते.

“हाय रं मी! हितंच हाय!” अंधारातून आवाज आला.

“दिसत नाही हो!” आई ओरडली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

मग माझे दिवे बंद करून जीपचे लावले. तो पिवळट, गरीब उजेड रस्त्यावरून सरपटत लांबवर गेला. आणि मामा दिसले. सहाव्या झाडाखाली, घोंगडं सावरत. ते पुढं चालायला लागले. सात, आठ, नऊ. दहाव्या झाडाला गेले तेव्हा कुठं दिसेनासे झाले.

डोळ्यांनी बघितलेलं नाही कसं म्हणणार?

“तुमच्या गाडीची काच साध्या बल्बसाठी केलेली आहे,” शैलजा समजावून सांगत होती. तिच्या बोलण्यात हिणवणं नव्हतं. “त्यात हा बल्ब घातला की उजेड फुटतो आणि भलतीकडं जातो. जवळचं सगळं पांढरं होतं, म्हणून आपल्याला वाटतं लई दिसतंय. पण जवळच्या झगझगाटानं डोळे दिपतात आणि लांबचं जातं. जीपला मी काही विशेष केलेलं नाही. काचा पुसल्या, बॅटरीपासून जाड वायर ओढून रिले बसवला, म्हणजे दिव्यांना पुरी वीज मिळते, आणि दिव्यांचा कोन नीट केला.”

“म्हणजे माझे बल्ब फुकट गेले?”

“फुकट गेले असते तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “तुम्ही आता पलीकडं जा. आणि तुमच्याच गाडीकडं तोंड करून चालत या. मी नुसता खालचा डिपर ठेवते, अप्पर नाही.”

मी गेलो. वाटेत परत येणारे मामा भेटले. घोंगड्यातून डोळे वटारून म्हणाले, “काय बी बोलू नगंस.” मी दहाव्या झाडापर्यंत गेलो आणि मागं वळलो.

समोर काहीच नव्हतं. गाडी नव्हती, माणसं नव्हती, रस्ता नव्हता. दोन पांढरे जाळ होते आणि त्यांच्याभोवती काळोख. मी हात डोळ्यांपुढं धरला. पानपट्टीवाला धरायचा तसा. तात्यांनी धरला होता तसा. चार पावलं टाकली, आणि पाय रस्त्यावर आहे का कडेला आहे ते मला कळेना. तेवढ्यात त्या जाळामागून तात्यांचा आवाज आला. काळजीनं भरलेला.

“सांभाळून रं लेका! डाव्या हाताला चर हाय! मी आत्ताच पडून आलोय, तू नगं पडू!”

मी तिथंच थांबलो. मला एकदम भरून आलं. जो माणूस आम्हाला शोधायला अंधारात निघाला होता, ज्याला मी चिखलात टाकून आलो होतो, तो मला सांभाळून ये म्हणत होता.

“दिवे बंद करा,” मी ओरडलो.

दिवे बंद झाले. मी अंधारात चाचपडत त्यांच्यापर्यंत गेलो. मामांनी माझी बाही धरली. ती सोडवून मी म्हणालो, “तात्या, तो ट्रक नव्हता. ती माझीच गाडी होती.”

पेरूच्या झाडातल्या चिमण्या एव्हाना परत झोपल्या होत्या.

“तुम्हाला पडताना मी बघितलं,” मी म्हणालो. “आरशात उठलेलं पण बघितलं. आणि तसाच पुढं आलो. आई थांब म्हणत होती.”

“मंग थांबला का न्हाईस?” तात्यांनी विचारलं.

“उशीर झाला होता. इथं चांगलं दिसावं असं वाटत होतं.”

बोलून गेल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. माने काकू घरात निघून गेल्या. आई मान खाली घालून उभी होती. मामांनी घोंगडं काढून जीपच्या बॉनेटवर टाकलं आणि कपाळाला हात लावला. तात्यांनी सोललेल्या कोपरावरून हात फिरवला.

“म्हंजी त्या ट्रकवाल्याला मी उगाच शिव्या दिल्या,” ते म्हणाले. “बिचारा नसलेला ट्रकवाला.”

ते हसले, पण मला हसता आलं नाही. मी शैलजाकडं बघितलं. ती हसत नव्हती. दुकानाचं शटर वर करून ती आत गेली आणि पकड, पेचकस आणि दोन साधे बल्ब घेऊन आली.

“गाडी भिंतीसमोर घ्या,” ती मला म्हणाली. “हे बल्ब काढते. जाताना आणखी कुणी पाटात जायला नको.”

मी गाडी घेतली. तिनं माझे झेनॉन काढून माझ्याच हातात दिले. साधे बल्ब बसवले, काचा फडक्यानं घासल्या, भिंतीवर खडूनं आडवी रेघ मारली, आणि दिव्यामागचा स्क्रू हळूहळू फिरवत उजेडाची कड त्या रेघेवर आणून बसवली. अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. ‘टॉर्च इकडं धरा’ एवढंच दोनदा म्हणाली. मी टॉर्च धरून उभा होतो आणि मला कळून चुकलं होतं की हे सगळं पाहुण्यांना वाटेला लावण्यापुरतं आहे. असा माणूस कोण पत्करणार?

आम्ही निघालो. तात्यांनी शकुनाचा नारळ दिला नाही, काकू बाहेर आल्या नाहीत. मी गाडी चालू करताना शैलजा खिडकीशी आली. फडक्याला हात पुसत, दिव्याकडं बघत म्हणाली, “सेटिंग केलंय. पण आठ दिवसांनी एकदा दाखवून जा. हलतं कधी कधी.”

“बरं,” मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर मामा एकसारखे बोलत होते. जमत आलेलं मोडलंस, तुला कुणी सांगितलं होतं, हरिश्चंद्राचा अवतार! मी हळू चालवत होतो. पिवळ्या उजेडात रस्त्याची कड स्वच्छ दिसत होती. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई समोरून आली आणि आमच्याकडं न बघताच निघून गेली. तिनं डोळ्यांपुढं हात धरला नाही.

“बरं केलंस,” बऱ्याच वेळानं आई म्हणाली.

तीन दिवस मान्यांकडून काही निरोप नाही. “गेलं ते,” मामांनी फोनवर सांगितलं. चौथ्या दिवशी विट्यातल्या अन्वर मिस्त्रीकडं ऑइल बदलायला गाडी नेली. याच मिस्त्रीनं मला झेनॉन बसवून दिले होते. त्यानं दिवे लावून भिंतीवर बघितलं आणि शिट्टी वाजवली.

“कुनी केलं हे? एक नंबर सेटिंग हाय.”

“आहे एक जण. आठ दिवसांनी परत दाखवायचंय.”

“परत कशाला?”

“हलतं म्हणे.”

अन्वर मिस्त्री माझ्याकडं बघतच राहिला. “आवो, स्क्रू आवळलेला असतो त्यो. गाडी कुठं ठोकल्याबिगर धा वर्सं हलायचं न्हाई. कुनी सांगितलं तुमाला हे?”

“ज्यानं केलं त्यानंच.”

“ज्याला असलं सेटिंग येतं, त्याला हे म्हाईत नसंल व्हय?” तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली सरकला.

मी तिथं तसाच उभा राहिलो. मग जे काही माझ्या डोक्यात लख्ख झालं, तेवढा लख्ख उजेड मी आयुष्यात कुठल्या दिव्याचा बघितलेला नाही. ऑइल तसंच राहिलं. गाडी काढली ती थेट बोरजाईवाडीला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते माझ्याकडं बघूनच म्हणत असावेत.

भर दुपारी पोचलो. शैलजा एका ट्रॅक्टरच्या वायरींमध्ये गुंतली होती. तिनं मान वर केली.

“आठ दिवस झाले?”

“चार.”

“सेटिंग हललं?”

“नाही.” मी श्वास घेतला. “विट्याचा मिस्त्री म्हणाला, ते हलत नसतं.”

तिनं हातातली पकड खाली ठेवली. मग माझ्या मागं, गाडीच्या रिकाम्या सीटकडं नजर टाकून, जरा रागावल्यासारखी म्हणाली, “मग एकटेच काय आलात? आईंना आणायचं नाही का?”